उसवलेल्या टाक्यांचे काय करायचे?

गोधडी शिवणाऱ्या मैत्रिणींच्या मंडळांविषयी गेल्या अंकात आम्ही वाचकांची पत्रे मागवली होती. कोणता दोरा वापरावा, अस्तर किती थरांचे असावे, असे प्रश्न येतील या अपेक्षेने मी तयारी करून बसले होते. प्रत्यक्षात दोऱ्याविषयी विचारणारी पत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली; बाकी सर्वांना विचारायचे होते ते गोधडीभोवती बसणाऱ्या माणसांविषयी. नाशिकमधून आलेली चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत, आणि आपल्या शहरात गोधडी शिवणाऱ्यांचे वर्तुळ लहान असल्यामुळे ओळख पटेल असे काही तपशील बदललेही आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही अकरा जणी गेली सहा वर्षे दर शनिवारी दुपारी गंगापूर रोडवरील एका मैत्रिणीच्या घरी जमून गोधड्या शिवतो. यंदा प्रथमच एका प्रदर्शनासाठी सर्वांनी मिळून एक मोठी गोधडी शिवली. प्रत्येकीने आपल्या घरातील कापड दिले. मी माझ्या आईच्या इरकली लुगड्याचा पदर दिला आणि त्या भागावर टाकेही मीच घातले. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गोधडी उलगडली, तेव्हा माझे टाके उसवून तेथे दुसरे, बारीक आणि एकसारखे टाके घातलेले दिसले. विचारल्यावर कळले, की आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत कुशल अशा वहिनींनी गोधडी आठ दिवस घरी नेली होती आणि माझ्यासह तिघींचे टाके पुन्हा घातले होते. ‘लोक बघणार, म्हणून जरा नीट करून घेतलं,’ असे त्या सहज म्हणाल्या. बाकी कोणी काही बोलले नाही. गोधडीचे कौतुकही झाले. त्यानंतरचे चार शनिवार मी गेलेले नाही. माझे टाके वाकडे पडतात हे मला मान्य आहे, कारण उजव्या हाताच्या बोटांना संधिवात आहे. मी उगाच मनाला लावून घेत आहे का?

उत्तर : ताई, उगाच नाही. तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःचीच बाजू इतक्या हळू आवाजात मांडली आहे, की ती थोडी मोठ्याने मांडणे मला भाग आहे.

आधी निव्वळ शिवणकामापुरते बोलू. गोधडीतला धावदोरा हा शोभेसाठी नसतो, आतले थर सरकू नयेत म्हणून असतो. टाका चांगला की वाईट, हे पाहण्याची जुन्या बायकांची रीत सोपी होती : एक तळवा खालून, एक वरून लावायचा आणि दोन्ही हात उलटसुलट घासून पाहायचे. थर जागच्या जागी राहिले तर काम झाले. दुसरी परीक्षा पायाची. टाका इतका लांब असेल की झोपेत त्यात पायाचे बोट किंवा जोडवे अडकते, तर तो पुन्हा घालायला हवा. या दोन परीक्षांत तुमचे टाके नापास झाले असते, तर वहिनींचे म्हणणे निदान अर्धे तरी बरोबर ठरले असते. पण तसे असते तर त्यांनी ते तुम्हाला दाखवले असते. त्या ‘लोक बघणार’ म्हणाल्या, ‘थर सरकत होते’ असे म्हणाल्या नाहीत. याचा अर्थ टाक्यांत दोष नव्हता, ते फक्त वेगळे दिसत होते. शिवाय कापडाचाही विचार करा. इरकलीच्या रेशमी पदरातून एकदा गेलेल्या सुईचे छिद्र दोरा काढला म्हणून भरून येत नाही. इतक्या जुन्या कापडावर एकदा उसवून पुन्हा शिवणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे आहे, आणि वहिनींसारख्या जाणकार बाईला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

आमच्या पंचवटीतल्या जुन्या घरी माजघरात गोधडी अंथरली, की चार बाजूंना चार जणी बसत. पुढे कित्येक वर्षांनी ती गोधडी पांघरताना आम्ही मुली कोणत्या बाजूला कोण बसले होते ते ओळखत असू. एका कडेचे टाके नेहमी उलट्या अंगाला झुकलेले असत, कारण तेथे बसणाऱ्या शेजारीण काकू डावखुऱ्या होत्या. त्यांना जाऊन आता बराच काळ लोटला. त्यांचा एकही फोटो आमच्या घरात नाही, पण ती तिरकी ओळ आहे. तुमच्या मंडळाच्या गोधडीवरून नेमकी अशी एक ओळ पुसली गेली आहे. तुम्हाला ते लागले, यात हळवेपणा कोठेही नाही.

आता वहिनींविषयी. त्यांनी हे दुष्टपणाने केले असे मला वाटत नाही, आणि तुम्हीही तसे म्हटलेले नाही. परदेशात रजया शिवणाऱ्यांमध्ये दोन प्रकारचे एकत्र येणे असते आणि दोन्हींना वेगळी नावे आहेत. एक ‘गिल्ड’ : त्याला अध्यक्ष असतो, वर्गणी असते, महिन्याची सभा असते, वार्षिक प्रदर्शन असते. दुसरी ‘बी’ : चार-सहा जणी एका घरी बसतात, शिवतात, चहा पितात आणि उठतात. अनेक जणी दोन्हींच्या सभासद असतात. पण कोठे काय चालते, हे त्यांच्या मनात वेगळे असते. गिल्डमध्ये कामाचा कस पाहिला जातो, बीमध्ये सोबत. तुमचे मंडळ सहा वर्षे बी होते. प्रदर्शन ठरले त्या दिवशी ते कोणालाही न सांगता गिल्ड झाले, आणि बदलल्याची जाणीव सर्वांत आधी वहिनींना झाली. त्या नव्या नियमाने वागल्या आणि तुम्ही मात्र जुन्याच नियमावर विसंबून होतात.

मला अधिक खटकले ते इतरांचे गप्प राहणे. दहा जणींपैकी आणखी दोघींचे टाके उसवले गेले होते. त्या दोघींनाही वाईट वाटले असणार आणि तुम्ही निघून गेल्यामुळे त्यांना आता बोलणे आणखी अवघड झाले असेल.

म्हणून पुढच्या शनिवारी जा. पण थेट मंडळात न जाता, त्याआधी एकट्याच वहिनींच्या घरी जा. व्हॉट्सॲपच्या गटावर यातले एक अक्षरही लिहू नका. तेथे लिहिलेले वाक्य अकरा जणी अकरा सुरांत वाचतील. वहिनींना एवढेच सांगा, की तो पदर आईचा होता, त्यावरचे टाके माझे असावेत अशी माझी इच्छा होती, आणि दुखऱ्या बोटांनी ते घालायला मला किती दिवस लागले हे तुम्हाला ठाऊक नव्हते. त्या ‘चुकले’ म्हणतील किंवा म्हणणार नाहीत. आमच्या पिढीतल्या पुष्कळ बायका क्षमा मागण्याऐवजी उठून पोहे करायला घेतात. ते पोहे खा. मात्र टाके परत उसवून आपले घालण्याचा आग्रह धरू नका, ते कापड आता तिसऱ्यांदा सुई सोसणार नाही.

एक मागणी मात्र जरूर करा. अमेरिकेत १८४० च्या दशकात मैत्रीच्या गोधड्या शिवण्याची मोठी लाट आली होती. कापड न कुजवणारी पक्की शाई तोवर बाजारात मिळू लागली होती, त्यामुळे प्रत्येक मैत्रीण आपल्या चौकटीवर स्वतःच्या अक्षरात सही करत असे, आणि पश्चिमेकडे दूर निघालेल्या कुटुंबाला अशी गोधडी निरोपाच्या वेळी दिली जाई. तुमच्या गोधडीच्या पाठीमागे अकरा जणींची नावे प्रत्येकीने स्वतःच्या हाताने टाक्यांनी काढावीत, असे सुचवा. तुमचे नाव वाकडे येईल. तसेच येऊ द्या, आणि सामूहिक गोधडी यापुढे कोणीही एकटीने घरी न्यायची नाही एवढे त्याच बैठकीत ठरवून टाका.

प्रश्न : आम्ही सिडकोतील नऊ मैत्रिणी. एका दुकानाने आमच्याकडे बाळाच्या दुपट्यांची मोठी मागणी नोंदवली आहे. सर्व दुपटी ‘एका हाताची’ दिसावीत अशी त्यांची अट आहे. पैसे समान वाटावेत की कामाप्रमाणे, यावरून आताच कुरबुर सुरू झाली आहे. मैत्री आणि धंदा एकत्र चालतो का?

उत्तर : चालतो, पण हिशेबाच्या वहीशिवाय चालत नाही. समान वाटणी ऐकायला गोड असली तरी तिसऱ्या महिन्यात ती कडू लागते; कामाप्रमाणेच द्या आणि तास प्रत्येकीने स्वतः लिहावेत. कापडाचाही हिशेब धरा. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट कापड. त्याच्या लांबीत चार घड्या घातल्या, की पावणेसात फुटांचे चार थर होतात. इतके मऊ, धुऊन धुऊन विरलेले सुती कापड जी घरून आणते, तिने भांडवल घातलेले असते. बोहारीण त्याच्या बदल्यात निदान स्टीलचे पातेले तरी देते. मैत्रिणींनी ते फुकट गृहीत धरू नये.

‘एका हाताची’ या अटीविषयी मात्र एक खरी हकिगत सांगते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात विल्कॉक्स काउंटी नावाचा अतिशय गरीब भाग आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ मध्ये, ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी केली. रजया न्यूयॉर्कच्या बाजारात गेल्या, मोठ्या दुकानांची कामे आली, १९७२ मध्ये सिअर्स या कंपनीसाठी कॉर्डुरॉयच्या उशांची आवरणे शिवण्याचे कामही मिळाले. घरात रोख पैसा आला, आणि तो फार गरजेचा होता. पण दुकानांना प्रत्येक नग सारखा हवा असे. त्यामुळे त्या परिसरातील बायका ज्या मनमुराद, वाकड्यातिकड्या पट्ट्यांच्या रजया स्वतःच्या घरासाठी शिवत, त्यांना त्या कामात जागा उरली नाही. पुढे २००२ मध्ये त्याच परिसरातील गीज बेंड या वस्तीच्या रजया ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या, त्या घरच्या, वाकड्या पट्ट्यांच्या होत्या. २००६ मध्ये त्यांतल्या दहांची टपाल तिकिटेही निघाली.

दुकानाचे काम घ्या, पैसे मिळवा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त ते मंगळवारी करा किंवा बुधवारी करा. ज्या दिवशी तुम्ही एरवी जमता तो दिवस दुकानाला देऊ नका. काम वाढून नोंदणीकृत संस्था करायची झाली, तर किमान सात सभासद लागतात आणि तुम्ही नऊ जणी आहात. पण ती घाई पहिल्या मागणीवर नको.

प्रश्न : इंदिरानगरमधील आमच्या मंडळात चौदा जणी आहेत आणि वर्गणी महिना दोनशे रुपये आहे. माझ्याकडे धुणे-भांड्यांना येणाऱ्या मावशी मूळच्या सिन्नर तालुक्यातील. एक दिवस त्यांनी माझी अर्धवट गोधडी पाहिली, काही न बोलता जमिनीवर बसल्या आणि मला दोन दुपारी लागल्या असत्या इतके काम तासाभरात करून उठल्या. मी मंडळात सुचवले, की त्यांना सभासद करून घेऊ. त्यावर काही जणी म्हणाल्या, ‘त्यांना शिकवायला बोलावू, मानधन देऊ, सभासद कशाला? त्यांनाही अवघडल्यासारखं होईल.’ मला उत्तर सुचले नाही. मावशींना मी अजून काही विचारलेले नाही.

उत्तर : शेवटचे वाक्य तुम्ही पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवे होते. चौदा सुशिक्षित स्त्रियांनी ज्या बाईविषयी चर्चा केली, तिला अद्याप काहीच माहीत नाही. त्यामुळे पहिले काम तेच.

‘त्यांनाही अवघडल्यासारखं होईल’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यातला ‘ही’ मला लगेच ऐकू येतो. आपले अवघडणे आपण दुसऱ्याच्या नावावर टाकतो आणि वर त्याची काळजी घेतल्याचे पुण्यही पदरात पाडून घेतो. तुमच्या मैत्रिणी वाईट आहेत असे मी म्हणत नाही. शनिवारी जिच्याबरोबर मांडीला मांडी लावून बसायचे, सोमवारी तिलाच ‘कढईचं बूड नीट घासलेलं नाही’ असे सांगायचे, हे खरोखरच कठीण आहे. पण ते कठीण तुम्हाला आहे. मावशी दोन्ही दिवशी तीच व्यक्ती असणार आहेत.

या कलेच्या इतिहासाचीही जरा आठवण ठेवावी. गोधडी ही फावल्या वेळची हौस म्हणून जन्मलेली नाही. निफाडकडची थंडी एका चादरीने भागत नाही, आणि दुसरी विकत घ्यायला पैसे नसतात, अशा घरांतून ती आली. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळे. नाशिकमध्ये त्यांनी बांधलेल्या धर्मशाळेत थंडीवाऱ्यात उतरणाऱ्या वाटसरूंनाही त्या वस्त्राची ओळख सांगावी लागत नव्हती. पुढे आपल्यासारख्या घरांत ब्लँकेटे आणि कापसाच्या रजया आल्या, तेव्हा आपण गोधडी सोडली. ज्या घरांना ती सोडणे परवडले नाही, तेथे ती टिकली, आणि आज आपण ती पुन्हा शिकू पाहतो तेव्हा शिकवणारा हात त्याच घरांतून येतो. मावशींचा टाका पाहिलात ना? त्यांनी सुई कोठे घातली ते आठवा. त्यांनी बहुधा कडेपासून सुरुवात करून आत आत जाणारे चौकोन घातले असतील. परदेशी पुस्तके आणि व्हिडिओ मध्यापासून बाहेर जायला शिकवतात, कारण त्यांना कापसाचा थर आणि त्यातली घडी बाहेर ढकलायची असते. आपल्याकडे जमिनीवर अंथरलेल्या गोधडीला आधी कड बांधून घेतात. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज आहे. तेथील बायकाही आपली कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासूनच शिवत आत येतात आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुले लावतात. हे ज्ञान ज्यांच्या हातात आहे, त्या तुमच्या मंडळात पाहुण्या ठरतात, हे मला तरी उलटे वाटते.

तरीही ‘सभासदच करा’ असे मी एका वाक्यात सांगून मोकळी होणार नाही, कारण त्यात मावशींचे नुकसान होऊ शकते. शनिवारची दुपार तुम्हाला मोकळी असते. त्यांना त्या वेळी तिसऱ्या घरचे काम असेल. दोनशे रुपयांची वर्गणी तुम्हाला चहापाण्याची वाटते, त्यांच्या हिशेबात ती गॅस सिलिंडरशेजारी जाऊन बसते. शिवाय मैत्रीच्या नावाखाली त्यांचे कौशल्य फुकट वापरले जाण्याचा धोकाही आहे : ‘मावशी, एवढा कोपरा जरा करून द्या ना’ हे वाक्य चौदा जणींनी एकेकदा म्हटले, तरी त्यांचा महिना संपेल. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शिकवण्याची चार सत्रे ठरवा, त्यांचे मानधन आधी ठरवा आणि ते बाहेरच्या कोणत्याही प्रशिक्षिकेला दिले असते तितकेच द्या. त्या सत्रांत त्या शिक्षिका. इतर दिवशी त्यांना यावेसे वाटले तर त्या सभासद, आणि तेव्हा त्यांनी आपली स्वतःची गोधडी शिवायची, तुमची नाही. वर्गणी सर्वांसाठीच ऐच्छिक करता आली तर पाहा. एकट्या त्यांना माफ केली तर ती माफी दर महिन्याला त्यांच्या वाट्याला येत राहील.

बसण्याचा प्रश्न गोधडीनेच सोडवलेला आहे, ती जमिनीवर अंथरून शिवायची असते. गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीवर बसावे, पण खुर्ची मिळण्याचे कारण गुडघाच असावा. कप सर्वांना सारखे हवेत हे लिहायची वेळ माझ्यावर यायला नको होती, तरी लिहिते.

आणि नाव. तुमच्या चौदा जणींपैकी निम्म्या तरी वयाने त्यांच्याहून मोठ्या असतील, तरी सगळ्या त्यांना ‘मावशी’च म्हणणार. घरकामाला येणाऱ्या बाईला आपण जे नाते लावतो, त्यात वय मोजलेले नसते, काम मोजलेले असते. मंडळात त्यांना काय म्हणायचे, हे त्यांनाच विचारा. तुम्हाला त्यांचे पूर्ण नाव माहीत आहे का?

एवढे सर्व करून त्या ‘नको’ म्हणण्याची शक्यताही धरून ठेवा. त्यांच्या आठवड्यात शनिवारी दुपारचा एक तास रिकामा असेलच, तर कदाचित त्यांना तो सुई हातात न घेता आडवे होण्यासाठी हवा असेल. तसे झाले तर वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : मी नाशिक रोडच्या मुद्रणालयातून निवृत्त झालो आहे. माझी पत्नी जेल रोडवरील काही भगिनींबरोबर दर आठवड्याला गोधड्या शिवायला जात असे. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आमच्या नातवासाठी सुरू केलेली तिची गोधडी अपुरी राहिली आहे. चारही बाजू पूर्ण आहेत, मधला साधारण दोन वीत रुंद आणि तीन वीत लांब भाग शिवायचा राहिला आहे. मी घरी जुन्या चादरीवर सराव करून धावदोरा शिकलो आहे. ही गोधडी तिच्या मैत्रिणींमध्ये बसून पूर्ण करावी असे मनात येते. त्या मला घेतील का? की एखाद्या भगिनीकडेच पूर्ण करायला द्यावी? पुरुषाने असे विचारणे विचित्र दिसेल का?

उत्तर : काका, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. विचित्र काहीही नाही. सुई-दोरा हा आपल्याकडे पुरुषांचा वंशपरंपरागत व्यवसाय होता. नामदेव महाराज शिंप्याच्या घरचे. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या भल्यामोठ्या हिरवळीवर एड्सने मरण पावलेल्या माणसांच्या स्मरणार्थ एक प्रचंड गोधडी अंथरण्यात आली. तीन फूट बाय सहा फूट अशा एकेका माणसाच्या नावाच्या १,९२० चौकटी तिच्यात होत्या, आणि त्या शिवणाऱ्यांमध्ये पूर्वी कधी सुई हातात न घेतलेले अनेक पुरुष होते. कोणी मित्रासाठी शिवले होते, कोणी भावासाठी, तर कोणी मुलासाठी.

मैत्रिणी घेतील का, याचे उत्तर मात्र मी देऊ शकत नाही, आणि त्यांनी थोडे आढेवेढे घेतले तर त्यांना दोष देऊ नका. आठवड्यातून दोन तास घरातल्या कोणाच्याही कानाआड बसता येते, हेच अनेक जणींसाठी त्या मंडळाचे सर्वांत मोठे सुख असते. सासूविषयी, सुनेविषयी, गर्भाशयाच्या ऑपरेशनविषयी तेथे जे बोलले जाते, ते तुमच्यासमोर बोलले जाणार नाही. म्हणून सभासद होण्याची विनंती करू नका. फक्त ही एक गोधडी पूर्ण होईपर्यंत येऊ का, असे विचारा, आणि ते सगळ्यांना एकदम न विचारता तुमच्या पत्नीची जी सर्वांत जवळची मैत्रीण असेल तिला फोन करून विचारा. गोधडी पुढे काय झाली, हा प्रश्न गेली दोन वर्षे त्यांच्याही मनात असेल. तुमच्या घरी येऊन तो विचारण्याचे धैर्य झाले नसेल.

दुसऱ्या कोणाला पूर्ण करायला देऊ नका. तुम्ही शिकला आहात, तर तुम्हीच शिवा. त्यांचा एकही टाका सरळ करायला जाऊ नका, आणि त्यांच्या टाक्यासारखा टाका काढण्याचाही अट्टहास नको. दोऱ्याच्या रंगाविषयी जाणकार मला नावे ठेवतील, पण माझे मत असे, की वेगळा रंग घ्यावा. त्यांचा हात कोठे थांबला आणि तुमचा कोठे सुरू झाला, हे नातवाला मोठेपणी बोटाने दाखवता आले पाहिजे. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, लांब दोऱ्याला गुंता होतो. गाठ थरांच्या आत दडवा.

एक अडचण तुम्हाला येणार आहे, ती आधीच सांगून ठेवते. कडेपासून शिवत आलेल्या गोधडीत सगळा सैल झालेला भाग शेवटी मध्यभागी साठतो. वरचे कापड खालच्यापेक्षा थोडे जास्त उरते आणि तेथे झोल पडतो. चादरीवर सराव करताना हा झोल तुम्हाला भेटला नसेल. तो एकट्याने काढता येत नाही. एकाने सुई चालवायची आणि दुसऱ्याने समोर बसून कापड दोन्ही हातांनी ताणून धरायचे, जरुरीप्रमाणे बारीक चुणी घालायची, असे ते दोन माणसांचे काम आहे. फोन कराल तेव्हा हेच सांगा, की मधला भाग राहिला आहे आणि समोरून धरायला कोणीतरी हवे आहे. गोधडी शिवणाऱ्या बाईला याहून अधिक काही समजावून सांगावे लागणार नाही. समोर कोण बसेल, ते त्यांनाच ठरवू द्या.